तेनिंबा आणि चवळी न खाणारा जारा

तेनिंबा त्राओरे ही माझी सख्खी धाकटी बहीण. सख्खी म्हणजे एका बापाची तर खरीच, पण एका आईचीसुद्धा. आमच्या बापाला दोन बायका आणि अकरा लेकरं, म्हणून हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आजही बामाकोतल्या आमच्या बान्कोनी वस्तीत कुणी तिचं नाव काढलं की मी हातातला पाना खाली ठेवतो आणि विचारतो, "कुठली तेनिंबा? आमची?" आमचीच असते. दुसऱ्या कुठल्या तेनिंबाचं नाव तीस वर्षांनी कोण काढतंय!

तिच्या बारशाला कापायचा मेंढा मी धरला होता. मी सात वर्षांचा, मेंढा माझ्याहून जड. ढोलकी वाजली तसा तो उधळला आणि मला फरफटत थेट विहिरीपर्यंत घेऊन गेला. पण दावं सोडलं नाही मी. तळहाताची साल निघाली. पुढे ती शिकून शहाणी झाली आणि मला चार गोष्टी ऐकवायला लागली, की मी तळहात पुढे करायचो, "हे बघ, तुझं नाव पहिल्यांदा इथं लिहिलंय." ती म्हणायची, "दादा, ते ग्रीस आहे."

बाप गेला तेव्हा मी सहावीत होतो. शाळा सुटली, मोबिलेटी, म्हणजे पायडलच्या फटफट्या, दुरुस्त करायला लागलो. कडुनिंबाखाली माझं दुकान, म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. तेनिंबा जुन्या टायरावर बसून अभ्यास करायची. मी म्हणायचो, "दहाचा पाना दे. आता चौदाचा. सतरातून तेरा गेले, तो दे." अशी ती बेरीज-वजाबाकी शिकली. तिचा मास्तर म्हणायचा, त्यानं शिकवली. म्हणू दे बिचाऱ्याला.

ती नऊ वर्षांची असताना आंब्याच्या दिवसांत वस्तीत पटकी आली. आमचा सगळ्यात धाकटा, मोदिबो, सकाळी अंगणात लंगडी घालत होता. दुपारच्या नमाजाच्या वेळेला तो दगावला. तेनिंबा त्याच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत बसली होती. पोरगा गेल्यावरही चमचा सोडेना. आईनं बोटं एकेक करून उघडली. त्याबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही. पण शाळा संपल्यावर शिवणकाम शिकणार की भाजी विकणार, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "दवाखाना." मी म्हटलं, बरं.

दोन वर्षं शिकली आणि आमच्याच वस्तीत, दवाखान्याच्या आवारात नव्या लशी तपासून बघणारं जे केंद्र होतं, तिथं लागली. तिच्यासाठी मी तीन मेलेल्या मोबिलेटींची एक जिवंत केली. निळी. तसली गाडी बामाकोत दुसरी नव्हती. त्या गाडीवर पांढरा कोट घालून ती निघाली की अख्ख्या गल्लीला कळायचं, झुमाना मेकॅनिकची बहीण चालली.

काम म्हणाल तर घरोघर जायचं, पोरांची वजनं करायची, कुणाला जुलाब लागलेत का विचारायचं, लागले असतील तर झाकणाच्या डबीत नमुना घेऊन यायचं. दुकानावर चहा प्यायला बसणारे टवाळ म्हणायचे, "झुमाना, एवढी शिकवलीस आणि शेवटी लोकांची घाण गोळा करते होय?"

मी म्हणायचो, "तुझी बहीण करून दाखवेल? तुझ्या घाणीत तुला घाण दिसते. माझ्या बहिणीला त्यात पोरं नेणाऱ्या चोराचं नाव दिसतं."

पण तिची खरी करामत तोंडाची होती. आमच्याकडे आडनावाआडनावांत थट्टेचं नातं असतं, बापजाद्यांपासून चालत आलेलं. आम्ही त्राओरे, ते जारा आणि कोने. दिसला की टोमणा मारायचाच. 'गुलामा' म्हणायचं, 'चवळीखाऊ' म्हणायचं. चवळी खाणारा म्हणजे पोट फुगलेला, हावरट. ऐकणाऱ्यानं रागवायचं नाही, उलटून दुप्पट बोलायचं. आणि काही झालं तरी आपण चवळी खाल्ली असं कबूल करायचं नाही. चवळी सगळेच खातात हो. चवळीच्या भज्यांवरच तर बान्कोनीची सकाळ होते. पण कबूल? मरेपर्यंत नाही.

तेनिंबा एखाद्या जाराच्या दारात गेली की बाहेरूनच ओरडायची, "घरात किती पोती चवळी दडवलीय रे गुलामांनो? उघडा, मोजायला आलेय!" आतून शिव्या यायच्या आणि शिव्यांमागोमाग दार उघडायचं. दुसऱ्या बायांना जिथं उंबऱ्यावरून परत पाठवत, तिथं हिला बसायला पाट मिळे.

तिचा सगळ्यात लाडका वैरी म्हणजे न्यांकोरो जारा. रेल्वेत सांधे बदलण्याचं काम करून निवृत्त झालेला. घरात कोंबडीला हाकलायचं असलं तरी पितळी बटणांचा रेल्वेचा कोट घालून उठणार. वस्तीत त्याच्या शब्दाला वजन होतं, आणि तेनिंबाशी भांडल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. तिची गाडी वाजली की म्हणायचा, "आली, त्राओरेंची पोर आली. भांडी आत घ्या, चाटून जाईल."

मग ती नवी लस आली. टोचायची नाही, प्यायची. वस्तीच्या पाटलानं आमंत्रणाच्या कोला सुपाऱ्या वाटून अंगणात सगळ्यांना बोलावलं. केंद्राच्या मुख्य डॉक्टर, कासोगेबाई, फार हुशार. पण त्या बोलायला लागल्या की माणसं जांभया द्यायची. एक म्हातारी उठून म्हणाली, "बाई, सरळ सांग. पेल्यात आहे काय?"

"अशक्त केलेला पटकीचा जंतू," डॉक्टर म्हणाल्या.

झालं. निम्मं अंगण उभं राहिलं. "पटकी पाजता आम्हाला?"

तेव्हा तेनिंबा पुढं झाली. कुंपणाला एक गाढव बांधलेलं होतं, दात पडलेलं, कान लोंबणारं. तिनं त्याचा कान धरला. "याला कोण भितं?" लोक हसले. "तरणं असताना यानं तिघांना लाथा घातल्यात. आता? डॉक्टरांनी पटकीच्या जंतूचं असंच केलंय. दात काढले, लाथ काढली. पोटात जाईल, चार दिवस चरेल, निघून जाईल. पण पोटातले पहारेकरी त्याचं तोंड लक्षात ठेवतील. खरा चोर आला की दारातच धरतील."

मग तिनं शेजारचा कुणाचा तरी अंगरखा उचलला आणि गाढवाच्या पाठीवर टाकला. "आणि या खेपेला त्याच्या पाठीवर ओझं दिलंय. पोरांना जी दुसरी हगवण लागते ना, तिच्या जंतूचा नुसता अंगरखा. जंतू नाही, कपडा फक्त. पहारेकरी तोही ओळखून ठेवतील. एका खेपेत दोन चोर."

न्यांकोरो जारा काठी टेकत उठला. "आणि वाटेत गाढवानं ओझं खाली टाकलं तर? त्राओरेंचं गाढव, भरवसा काय?"

"तेच तर बघायचंय," ती म्हणाली. "ओझं पोचलं का, हे तुमचं रक्त सांगेल. आम्हाला अजून माहीत नाही. माहीत असतं तर तुझ्यासारख्या चवळीखाऊच्या पाया कशाला पडले असते?"

म्हातारा खूश झाला. म्हणाला, "लिही माझं नाव. पहिलं लिही." त्याच्यामागं चाळीस जणांनी नावं दिली.

एक गोष्ट सांगायची राहिली. ते गाढव माझ्या दुकानासमोर रोज उभं असायचं आणि आदल्या दिवशी मीच म्हणालो होतो, "बिचारं दुसऱ्यांची ओझी वाहून मेलं." तेव्हा ही कल्पना मुळात माझी. तेनिंबा ते मान्य करत नाही. म्हणते, "बरं, गाढव तुझं."

अट एकच होती. प्यायच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास पोटात काही जाता कामा नये. पोटातल्या आंबट पाण्यानं जंतू मरतो, म्हणून त्याला सोड्याच्या पाण्यातून द्यायचं. पोट भरलेलं असलं की सगळाच हिशेब चुकतो. तेनिंबाच्या शब्दांत, वाटेत बाजार भरला असेल तर गाढव पुढं जाणार कसं? टेबलाशी बसून प्रत्येकाला विचारायचं, काही खाल्लंय का, आणि कागदावर खूण करायची, हे काम तिच्याकडं होतं. तिच्याइतकं लोकांना बोलतं कोण करणार?

त्या दिवशी उजाडता उजाडता, लस सुरू झाली तेव्हा, मीसुद्धा बघायला गेलो होतो. न्यांकोरो कोटाची सगळी बटणं लावून पुढं आला. तेनिंबानं मान वर केली. "काय रे गुलामा, आज किती वाट्या चवळी हाणून आलास?"

"चवळी?" म्हातारा चाळीस लोकांकडं वळला. "माझ्या सात पिढ्यांत चवळीला कुणी शिवलं नाही. ती काय असते तेच मला ठाऊक नाही. त्राओरेंच्या घरी असते म्हणतात!"

हसून हसून लोकांची पोटं दुखली. मीही हसलो. तेनिंबानं डोळे पुसत कागदावर खूण केली, पोट रिकामं. त्यानं पेला एका दमात संपवला आणि गाढवासारखं ओरडून दाखवलं.

दुपारी चहाच्या दुसऱ्या पेल्याच्या वेळी तेनिंबा दुकानावर आली. दमली होती, पण खुशीत. इतक्यात भजीवाली सितान हातगाडीच्या चाकात हवा भरून घ्यायला आली. म्हणाली, "तेनिंबा, तुझा म्हातारा गुलाम आज फॉर्मात होता गं. सकाळी केंद्राकडं जाता जाता माझ्याकडून सात भजी घेतली, उभ्या उभ्या संपवली. म्हणे आज मोठं काम आहे, ताकद पाहिजे."

तेनिंबाचा पेला ओठांशी थांबला. मला आधी कळलंच नाही काय झालं.

"सितानताई, किती वाजता?"

"बांग झाली, पहिला घाणा उतरला तेव्हा. तो खाऊन थेट तुमच्याकडंच वळला की."

सितान गेली. तेनिंबा म्हणाली, "दादा, मी त्याला विचारलंच नाही."

"विचारलंस की! मी ऐकलं."

"मी थट्टा केली. त्राओरेनं जाराला चवळीचं विचारलं तर जारा काय सांगणार? आणि ते उत्तर धरून मी खूण केली."

मी खरं ते सांगतो. तेव्हा मी तिला म्हणालो, गप्प बस. म्हाताऱ्याच्या पोटातली सात भजी कुणाला दिसतात? सांगितलंस तर काम जाईल. कोट जाईल. ज्यांना मी इतकी वर्षं सुनावलं ते टवाळ उद्या इथंच बसून मला सुनावतील.

ती म्हणाली, "त्याच्या रक्तात काही दिसलं नाही तर ते काय म्हणतील? गाढव नालायक, ओझं पोचवत नाही. लस फेकून देतील. वाट अडवली होती आम्ही, आणि कागदावर लिहिलं, वाट मोकळी." मग म्हणाली, "सुमाइलाच्या गाडीचा नट आठवतो?"

आठवतो ना. पुढच्या चाकाचा नट मी हातानंच फिरवला होता, पान्यानं आवळायचा राहिला. गिऱ्हाईक निघून गेल्यावर आठवलं. तापल्या रस्त्यावरून चपला हातात घेऊन मी बाजारापर्यंत धावलो, त्याला भर गर्दीत थांबवलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "उतर, माझी चूक झालीय." तेनिंबा तेव्हा दहा वर्षांची, माझ्यामागं धावत आली होती. ही गोष्ट मी लोकांना शंभरदा सांगितली असेल. मीच सांगितलेली गोष्ट तिनं माझ्या तोंडावर मारली. मी गाडीला किक मारली. "बस मागं."

न्यांकोरो अंगणात चटईवर पडला होता. आम्हाला बघून उठला. "आल्या मुंग्या! सांडलेलं काही नाही इथं."

"आजोबा," तेनिंबा म्हणाली, "सकाळी भजी खाल्लीत का?"

"भजी? कसली? चवळीची? अगं, माझ्या सात पिढ्यांत..."

"आता त्राओरे विचारत नाहीये. तेनिंबा विचारतेय. मोदिबोची बहीण."

म्हाताऱ्यानं मोदिबोचा तो दिवस पाहिला होता. मोदिबोच्या जनाज्याला खांदा त्याचाही होता. त्यानं कोटाचं एक बटण काढलं, पुन्हा लावलं.

"सात," तो म्हणाला. "सून उठली नव्हती, अडवायला कुणी नव्हतं. पोरी, अट माहीत होती मला. तू नीट विचारलं असतंस तर घरी परत गेलो असतो. पण चाळीस माणसांसमोर, त्राओरेच्या तोंडावर, होय म्हणू? माझा बाप कबरीतून उठून बसला असता."

"चूक माझी आहे. उद्या डॉक्टरांना सांगणार आहे."

"काय सांगशील? जारानं चवळी खाल्ली?"

"नाव नाही घेणार. नंबर सांगेन. पण कारण सांगावं लागेल."

आम्ही निघालो तेव्हा तो चटईवर बसून कोटाचं तेच बटण काढत-लावत होता.

अंधार पडायच्या आत आम्ही बाकीच्या जारांकडं आणि कोनेंकडं जाऊन आलो. थट्टेत विचारून तिनं असे दहा कागद भरले होते, म्हाताऱ्याचा धरून. प्रत्येक दारात आधी शिव्या, मग तिचा चेहरा बघून बसायला पाट. तिघांनी आणखी कबूल केलं: एकानं भजी, एकानं रात्रीचा उरलेला बाजरीचा गोळा, एकीनं पोराला भरवता भरवता चार घास खिमटाचे. सहा जण खरोखरच उपाशी होते आणि आपल्यावर संशय घेतला म्हणून तापले. घरी येताना तेनिंबा माझ्या पाठीला टेकून बसली होती. गाडीच्या आवाजात मला वाटलं, ती रडतेय. वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलंच नाही, तिच्याबरोबर गेलो. दुसऱ्या तुकडीला लस द्यायची होती, त्यामुळं आवार भरलेलं. कासोगेबाई आल्या तशी तेनिंबानं चार कागद त्यांच्यासमोर ठेवले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आवाज हलला नाही तिचा.

डॉक्टरांनी कागद वाचले. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "थट्टेतल्या उत्तरावर खूण केलीस," त्या म्हणाल्या. "मग उरलेले कागद तरी खरे कशावरून? तुझे सगळेच काढून टाकायचे का मी?" आणि त्यांनी हात पुढं केला. तेनिंबानं खिशातलं पेन काढून त्या हातावर ठेवलं.

"माझ्यावरून," मागून आवाज आला.

न्यांकोरो जारा भिंतीच्या कडेच्या बाकावरून उठला. कोट, पितळी बटणं, डोक्यावर रेल्वेची टोपीसुद्धा. सोबत कालचे नऊच्या नऊ जण. पहाटेपासून येऊन बसले होते म्हणे. तो काठी टेकत आवाराच्या मधोमध आला आणि गाडी सुटताना ओरडायचा तसा ओरडला, "ऐका! मी, न्यांकोरो जारा, काल सकाळी चवळीची भजी खाल्ली. सात. उपास मोडून खाल्ली, आणि या पोरीला खोटं सांगितलं. आता या नऊ जणांना काय विचारायचं ते माझ्यासमोर विचारा. मी जारा असून खरं बोललो. आता खोटं बोलायची लाज कुणाला वाटणार नाही?"

आवारात पन्नासेक माणसं, त्यात निम्मे त्राओरे. एकही जण हसला नाही.

कासोगेबाईंनी स्वतः एकेकाला विचारलं. उत्तरं जुळली, काल तेनिंबाला दिली तीच. त्यांनी चार कागदांवर लाल रेघ मारली, सहा कागद पुन्हा फायलीत लावले. मग हातातलं पेन तेनिंबाला परत दिलं. "जारा किंवा कोने समोर आला की खुर्चीवरून उठायचं. प्रश्न दुसरं कुणी विचारेल. कळलं?"

"कळलं."

आता सगळे त्राओरे तेनिंबाकडं बघायला लागले. जारानं भरसभेत चवळी कबूल केली होती. असं आमच्या आज्यानं ऐकलं नव्हतं, पणज्यानं ऐकलं नव्हतं. रीतीप्रमाणं तिनं आता नाचायला हवं होतं. ती कोपऱ्यातल्या रांजणापाशी गेली, पेला भरला, आणि गुडघा टेकून दोन्ही हातांनी म्हाताऱ्यापुढं धरला.

"घ्या आजोबा."

त्यानं पाणी पिऊन पेला उपडा केला, शेवटचा थेंब झटकला. "नुसतं पाणी? म्हणतात ते खरं आहे. त्राओरेंच्या घरची चवळी पाहुण्याला कधी मिळत नाही, सगळी स्वतःच खातात."

तेव्हा कुठं आवार हसलं.

तेनिंबा टेबलाशी बसली, नवा कागद ओढला आणि यादीतलं पहिलं नाव पुकारलं. नाव एका कोनेचं होतं. ती खुर्चीवरून उठली.